स्वतःलाच गंडवणं नक्की जमतं कसं?

गवतीचहा

दुसऱ्याला गंडवणं समजू शकतं. खरं काय ते मला माहीत असतं, त्याला नसतं. स्वतःला गंडवताना मात्र गंडवणारी मीच आणि गंडणारीही मीच. मग मला माहीत असलेलं मलाच माहीत नाही, असं कसं होणार? तत्त्वज्ञांनी यावर भरपूर शाई खर्च केली आहे. सार्त्रने १९४३ साली फ्रॉइडवर हाच आक्षेप घेतला होता: मनात कुणी पहारेकरी बसून नकोशा गोष्टी अडवत असेल, तर काय अडवायचं हे त्याला ठाऊक असणारच की!

मला वाटतं, स्वतःशी खोटं बोलावं लागतच नाही. कुठे बघायचं नाही, मोजणं कधी थांबवायचं आणि कुणाला विचारायचं नाही, एवढं सांभाळलं की भागतं.

क्वाट्रोन आणि ट्वर्स्की यांचा १९८४ चा प्रयोग बघा. ३८ विद्यार्थ्यांना गारढोण पाण्यात हात बुडवायला सांगितलं, सोसेल तितका वेळ. मग व्यायामाची सायकल मारायला लावली. त्यानंतर एक छोटं व्याख्यान: हृदयाचे दोन प्रकार असतात, एक दीर्घायुषी माणसाचं, दुसरं लवकर कुरकुरणारं. (हे सगळं रचलेलं.) निम्म्यांना सांगितलं की चांगल्या हृदयाच्या माणसाला व्यायामानंतर गार पाणी जास्त सोसतं. उरलेल्यांना नेमकं उलट. मग पुन्हा हात पाण्यात. पहिल्या गटाने हात जास्त वेळ ठेवला, दुसऱ्याने लवकर काढला. हात दाबून धरल्याने हृदयाचा प्रकार बदलत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी 'मुद्दाम केलंत का?' याला हो म्हणणारे ३८ पैकी फक्त ९. आणि 'छे, मुद्दाम कुठे' म्हणणाऱ्यांतच आपलं हृदय चांगलं असल्याची खात्री जास्त होती.

यात कुणी स्वतःशी खोटं बोललं का? जरा जास्त कळ काढली, आणि आपण कळ काढतोय याची दखल घेतली नाही. बस्स.

दुसरा प्रयोग २०११ चा. सामान्यज्ञानाची चाचणी, काही जणांच्या कागदाच्या तळाशी उत्तरं छापलेली. त्यांना गुण जास्त पडले यात नवल नाही. मग उत्तरं नसलेली पुढची चाचणी चाळायला देऊन विचारलं, यात किती पडतील? उत्तरं बघून सोडवणाऱ्यांनी आपला अंदाज चांगलाच फुगवून सांगितला. अचूक अंदाजाला पैसे लावले तरी फुगलेलाच. आणि काहींना त्या गुणांबद्दल प्रशस्तिपत्र दिलं, तर आणखी फुगला!

पुण्याच्या पेठांमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलात तर हा प्रयोग रोज चालू दिसेल. मागच्या वर्षांचा पेपर उजवीकडे, उत्तरतालिका डावीकडे. 'हे येतच होतं मला' म्हणत एकेक बरोबरची खूण.

तुमच्या आसपास काय दिसतं? माझं म्हणणं पटत नसेल तर तेही लिहा.

पावट्या

मीच पहिला! सविस्तर नंतर, तूर्तास आपल्या जिव्हाळ्याचा विषय. स्वेन्सन नावाच्या संशोधकाने १९८१ साली चालकांना विचारलं होतं की या खोलीतल्या इतरांच्या मानाने तुम्ही गाडी कशी चालवता. कौशल्यात अमेरिकेच्या ९३ टक्के आणि स्वीडनच्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. पुण्यात विचारलं असतं तर आकडा शंभरावर गेला असता. हेल्मेट कोपरात अडकवून टिळक रोडवर उलट्या बाजूने येणाऱ्या काकांना विचारा. 'मी चाळीस वर्षं चालवतोय, काही झालेलं नाही.' म्हणजे मोजायचं काय, तर जे झालं नाही तेवढंच. लक्ष्मी रोडवर आपल्यासाठी किती जणांनी कच्चकन ब्रेक मारले, त्याची नोंद आपल्या वहीत येत नाही.

रक्तगट_बी

चहाताई, धागा झकास. मी कोथरूडमध्ये लॅबमध्ये आहे, रक्त काढायला आणि रिपोर्ट द्यायला. तुमचं 'मोजणं कधी थांबवायचं' अगदी पटलं.

साखर जास्त आली की माणूस म्हणतो, मशीनचा घोळ असेल, परत करा. किंवा दुसऱ्या लॅबमध्ये जातो. चुका होतातही, परत करणं गैर नाही. पण नॉर्मल आलेला रिपोर्ट घेऊन 'मशीनचा घोळ असेल' म्हणत परत आलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही.

आणखी एक ठरलेला प्रश्न: 'परवापासून गोड बंद केलंय, आज टेस्ट केली तर चालेल ना?' उपाशीपोटीच्या साखरेत ही युक्ती थोडीफार खपते. एचबीए१सीमध्ये नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या काळात रक्तात जी साखर फिरली ती त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. दोन-तीन महिन्यांचा हिशोब एका आकड्यात. त्यावर लोक खरंच चिडतात. एक काका मला म्हणाले, 'अहो, हे मागचं कशाला काढता? आजचं सांगा.'

घरच्या ग्लुकोमीटरची मेमरी कुणाची तरी बघा. एक आजोबा यंत्रच घेऊन आले होते, 'बघ, कधीच एकशेतीसच्या वर नाही.' मी बटण दाबत मागे गेले. सगळी रीडिंग सकाळी साडेसातच्या आसपासची, म्हणजे तळजाईला फिरून आल्यावरची, चहा-पोह्यांच्या आधीची. लग्नसराईत मोठं भगदाड. गणपती ते दिवाळी एकही नोंद नाही. एकही आकडा खोटा नव्हता हो. आजोबांना विचारलं तर म्हणाले, 'सणासुदीला कुठे लक्षात राहतं.' आणि ते खरंच तसं मानत होते.

गवतीचहा

रक्तगटताई, तुमच्या आजोबांपुढे माझे दोन्ही प्रयोग फिके आहेत.

तुमच्या पहिल्या मुद्द्यावर डिट्टो आणि लोपेझ यांचा १९९२ चा प्रयोग आहे. लोकांना थुंकीत बुडवायची एक पट्टी दिली आणि सांगितलं की शरीरात अमुक एक द्रव्य कमी आहे का ते हिच्यावरून कळतं. पट्टी म्हणजे साधा पिवळा कागद, रंग बदलणं शक्यच नव्हतं. 'रंग बदलला नाही तर तब्येत ठीक' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी लवकर पट्टी पाकिटात घालून दिली. 'रंग बदलला नाही तर गडबड' असं ज्यांना सांगितलं होतं, ते वाट बघत बसले, पट्टी पुन्हा पुन्हा बुडवत राहिले. चिकित्सक बुद्धी सगळ्यांकडे होती. ती कामाला लागली फक्त नकोसं उत्तर आल्यावर.

शंकासुर

२०११ च्या त्या उत्तरतालिकेच्या प्रयोगाबद्दल. त्याच्या लेखकांपैकी काही जण प्रामाणिकपणावरच्या आणखी एका निबंधाचेही लेखक होते. तो २०१२ चा निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला. गाड्यांच्या किलोमीटरची त्यातली आकडेवारी बनावट निघाली. फसवणुकीच्या अभ्यासातच बनवाबनवी! या गटाचं काहीही डोळे झाकून घेऊ नये.

शिवाय पाश्चात्त्य कॉलेजच्या पोरांवरून सगळ्या मानवजातीबद्दल बोलायची ही खोड जात नाही.

गवतीचहा

शंकासुर, पहिला मुद्दा रास्त. मागे घेतला तो निबंध वेगळा, पण सावध राहावं हे कबूल. म्हणून एकावरच भिस्त नको. १९८४ आणि १९९२ चे प्रयोग सर्वस्वी वेगळ्या लोकांचे आहेत आणि दिशा तीच आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुम्हाला आवडेल असं काही आहे. फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली जो सिद्धांत मांडला, मनातल्या दोन गोष्टींचा मेळ बसेना की माणूस अस्वस्थ होतो आणि कसाही करून मेळ बसवतो, त्याची एक ठिणगी आपल्याकडची आहे. जानेवारी १९३४ चा बिहारचा भूकंप. त्यानंतरच्या अफवा प्रसाद नावाच्या भारतीय मानसशास्त्रज्ञाने गोळा केल्या होत्या. जिथे हादरे बसले पण पडझड झाली नाही, तिथे अफवा काय? तर याहून मोठं संकट येणार, अमुक दिवशी प्रलय होणार! फेस्टिंगरला प्रश्न पडला की घाबरलेली माणसं आणखी भीतिदायक गोष्टी का पसरवतील? त्याचं उत्तर असं: भीती तर वाटतेय, पण आजूबाजूला सगळं धडधाकट आहे. मग भीतीला शोभेल असं कारण तयार करायचं.

सोनचाफा

भूकंपाचं वाचून आमच्या मोठ्या जाऊबाई आठवल्या. मुलगा चाकणला नोकरीला. पोचल्याचा फोन दहा मिनिटं उशिरा आला की यांच्या डोक्यात अपघात, हॉस्पिटल, सगळं होऊन जातं. 'आईचं मन सांगतं हो, खोटं नसतं.' इतक्या वर्षांत मनाने शेकडो वेळा सांगितलं, एकदाच मुलगा स्कूटरवरून घसरला, तेवढं पक्कं लक्षात. म्हणजे माणूस स्वतःला गोडच फसवतो असं नाही ना?

नानाकाका

सोनचाफा, नाहीच मुळी. संशयी नवरा घ्या. बायकोने फसवलेलं त्याला काही हवं नसतं. तरी पुरावे गोळा करतो ते सगळे त्याच बाजूचे. आल्फ्रेड मीली नावाच्या तत्त्वज्ञाने यावर चांगलं लिहिलंय. कुठली चूक महागात पडेल याची धास्ती माणसाला एका बाजूला ढकलते, आणि मग तो त्याच बाजूचं शोधत सुटतो.

मला मात्र चहाताईंच्या मांडणीत एक गोष्ट कमी वाटते. हे सगळं एकट्याचं काम असल्यासारखं लिहिलंय. माझा अनुभव निराळा आहे. माझ्या धाकट्या भावाचं दारूचं प्रकरण होतं. (आता बरा आहे, त्याच्या परवानगीने लिहितोय.) तो म्हणायचा, 'मी रोज कुठे घेतो? शनिवारी तर घेत नाही.' आणि शनिवार मोजायचो आम्ही! आई म्हणायची ऑफिसचा ताण आहे. वहिनी सकाळी ऑफिसला फोन करून त्याचं पोट बिघडल्याचं कळवायची. मुलांना सांगितलेलं, बाबांना बरं नाही. त्याला एकट्याला हे कधीच जमलं नसतं. घरातली पाच माणसं राबत होती.

शेवटी येरवड्याला मुक्तांगणमध्ये नेलं. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं केंद्र, पुलंची मोठी मदत होती, बहुतेकांना माहीत असेलच. भावावर उपचार होणार हे ठाऊक होतं. घरच्यांनाही तिथे बसवून बोलतं करतात, बायकांचा 'सहचरी' म्हणून वेगळा गट आहे, हे आम्हाला नवं होतं. भावाचं म्हणाल तर, 'मला प्रॉब्लेम आहे' हे त्याला कुठल्याही डॉक्टरने पटवलं नाही. वर्तुळात बसलेला दुसरा एक जण स्वतःची कहाणी सांगताना 'शनिवारी घेत नाही' हेच वाक्य बोलला, तेव्हा हा हसला आणि मग गप्प झाला.

पावट्या

नानाकाका, _/\_

मावळतीकर

उत्क्रांतीचा अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्सचा उल्लेख कसा नाही आला? १९७६ पासून त्याचं म्हणणं आहे की आत्मवंचना हा बिघाड नसून हत्यार आहे. दुसऱ्याला फसवताना आवाज कापतो, नजर चुकते. फसवणाऱ्याचा स्वतःचाच विश्वास बसला की पकडला जायची भीती नाही. २०११ मध्ये फॉन हिपेल यांच्याबरोबर त्याने हे सविस्तर मांडलं.

उदाहरण हवं तर रविवारी मुळशीकडे प्लॉट दाखवायला नेणाऱ्या एजंटाच्या गाडीत बसा. 'रिंग रोड इथूनच जाणार, एनए होतंय दोन वर्षांत.' आम्हाला नेलं होतं त्याने स्वतःचे आणि सासऱ्याचे पैसे तिथेच अडकवलेले. त्याच्या डोळ्यांत बघून खोटेपणा शोधणं व्यर्थ, कारण तो तिथे नव्हताच.

शंकासुर

मावळतीकर, एजंटाने आधी विश्वास ठेवला म्हणून तो चांगला विकतो, की पैसे अडकले म्हणून विश्वास ठेवतो? दुसरं जास्त साधं नाही का? त्याला लाखो वर्षांची उत्क्रांती कशाला. या असल्या गोष्टी ऐकायला छान आणि तपासायला अवघड असतात.

मावळतीकर

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं की. पण तपासायला अवघड, हे मान्य.

सोनचाफा

मग थोडी आत्मवंचना बरीच म्हणायची का? नाहीतर सकाळी उठवणार नाही कुणाला. उदास माणसांना जग जास्त खरं दिसतं असं कुठेतरी वाचलं होतं.

गवतीचहा

ते १९७९ चं, अॅलॉय आणि अब्रॅमसन यांचं. दिवा आपल्या बटण दाबण्याने लागतो की आपोआप, याचा अंदाज उदास विद्यार्थ्यांनी जास्त बरोबर केला. फार गाजलं, पण २०२२ मध्ये जास्त लोकांवर पुन्हा करून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही. टेलर आणि ब्राउन यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं की स्वतःबद्दलचा थोडा फुगवटा मनाच्या तब्येतीला मानवतो. त्यावर अजून वाद आहेत. माझं मत विचाराल तर, किंमत कोण आणि कधी चुकवतं त्यावर सगळं अवलंबून आहे. लग्नाच्या हॉलमध्ये आपण छान गातो असं वाटण्याने फार तर पाहुण्यांचे कान जातात. ग्लुकोमीटरचं तसं नाही.

अबोली_७

इथे विचारावं की नाही कळत नव्हतं. बाबांना मागच्या महिन्यात स्ट्रोक आला. डावा हात-पाय गेलाय, पण ते मानतच नाहीत. हात उचला म्हटलं तर म्हणतात, 'उचललाय की.' कधी म्हणतात, 'आत्ता कंटाळा आलाय.' दोनदा उठून चालायला गेले आणि पडले. आई रडते, म्हणते इतका हट्टीपणा? स्वतःला किती फसवतील? हे त्यातलंच आहे का?

गवतीचहा

अबोली, नाही. आईला आधी हे सांग: हा हट्ट नाही आणि आत्मवंचनाही नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की शरीराच्या डाव्या बाजूचं लुळेपण मेंदूला कळतच नाही, असं काही रुग्णांत होतं. बाबिन्स्की या डॉक्टरने १९१४ साली त्याला अॅनोसोग्नोशिया हे नाव दिलं. डाव्या कानात गार पाणी सोडल्यावर काही रुग्ण थोड्या वेळापुरते 'हो, हात हलत नाही' म्हणाले, आणि परिणाम ओसरल्यावर पुन्हा पहिल्यासारखे झाले. व्ही. एस. रामचंद्रन यांनीही हे करून पाहिलंय. (घरी करू नका!) नुसता मानी स्वभाव असता तर कानातल्या पाण्याने बदलला नसता.

रक्तगट_बी

अबोली, माझ्या सासऱ्यांना हेच झालं होतं. न्यूरोच्या डॉक्टरांना आणि फिजिओला 'ते मानत नाहीत, उठून पडतात' हे स्पष्ट शब्दांत सांगा. नुसतं 'ऐकत नाहीत' म्हटलं तर त्यांच्या लक्षात येईलच असं नाही. वाद घालू नका, 'बघा, हलतोय का' असं दाखवून देऊ नका, ते चिडतात. कॉटला कठडे लावा, रात्री कुणीतरी जवळ झोपा. बऱ्याच जणांत हे दिवसांत-आठवड्यांत कमी होतं, पण तोवर पडणं हा खरा धोका आहे.

अबोली_७

खूप आभार. आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. उद्या फॉलोअप आहे, तेव्हा असंच सांगते.

दादाचा_भाऊ

अभ्यासिकेचं वाचल्यापासून लिहू की नको चाललं होतं. माझा मोठा भाऊ पुण्यात राज्यसेवा करतोय. कॉट बेसिसवर राहतो, मेस, अभ्यासिका. घरून पैसे जातात, गावात सगळे त्याला आत्ताच 'साहेब' म्हणतात. पूर्व परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका आली की याचं गणित सुरू. अमुक प्रश्न रद्द होणार, तमुकचा पर्याय बदलणार, निगेटिव्ह एवढंच धरायचं. रद्द होणारे प्रश्न दरवेळी याचे चुकलेलेच असतात. अंतिम तालिका आली की 'दोन मार्कांनी गेलं'. रूमवरचे सगळे असंच बोलतात, त्यामुळे कुणी कुणाला टोकत नाही. आता आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली, तर म्हणतो, 'माझं लेखन चांगलंय, आता माझाच पॅटर्न आला.' जुन्या पॅटर्नला आणखी वेळ द्या म्हणून पुण्यात जी आंदोलनं झाली, त्यातही हाच होता! त्याला काय सांगावं?

शंकासुर

पॅटर्न खरोखर बदललाय, हे विसरू नका. आधी २०२३ पासून लागू होणार होता, मग २०२५ वर गेला. यात मुलांची परवड झाली ती खरी आहे. प्रत्येक कारण म्हणजे बहाणा नव्हे. एखाद्याचं खरंच दोन मार्कांनी जातं.

गवतीचहा

शंकासुरांशी सहमत, आणि म्हणूनच आतून ओळखता येत नाही. कारण आणि बहाणा आतून सारखेच वाटतात. मन शांत करून स्वतःला विचारा वगैरे सल्ल्यांवर माझा विश्वास नाही. विचारणारं आणि उत्तर देणारं मन एकच.

पण एक खूण बाहेरून दिसते. पॅटर्न जुना होता तेव्हा त्याच्या बाजूचा, नवा आला तर तोही त्याच्या बाजूचा. काहीही झालं तरी निष्कर्ष एकच निघत असेल, तर तो निष्कर्ष घडामोडींवरून काढलेला नाही. भावाशी हुशारीबद्दल वाद घालू नका. परीक्षेच्या आधी त्याच्याकडून लिहून घ्या: उत्तरतालिका न बघता, वेळ लावून सोडवलेल्या सराव पेपरांत किती पडतात, आणि किती पडले तर पुढे काय करायचं. कागद त्याच्याकडे नको, तुमच्याकडे ठेवा. एका पेपरने भागणार नाही. २०११ च्या त्या प्रयोगाचा पुढचा भाग २०१५ मध्ये आला. उत्तरांशिवायच्या चाचण्या एकामागून एक दिल्यावर फुगलेला अंदाज हळूहळू खाली आला, आणि मध्ये एकदा उत्तरं हाती पडताच लगेच पुन्हा चढला. (शंकासुर, हो, गट तोच. जपूनच घ्या.)

नानाकाका

आणि घरचे पाच जण काय करतायत तेही बघ रे बाबा. गावात 'साहेब' म्हणणं कुणी सुरू केलं? आईला एकदा विचार की तो परत आला, दुकान टाकलं, तर चालेल का. त्याच्यापर्यंत हे कधी पोचलंय का?

दादाचा_भाऊ

नाही पोचलेलं. आई म्हणते, आपण असं बोललो तर त्याला वाटेल आपला विश्वास उडाला.

तुमचं पटतंय सगळं. त्याच्याशी बोलायलाच हवं. फक्त आता पूर्व तोंडावर आली आहे, उगाच डिस्टर्ब नको. पेपर होऊ दे, पहिली उत्तरतालिका आली की साधारण अंदाज येईल, मग निवांत पुण्याला जाऊन बोलतो.